लाटेची नोकरी

"आजगावकर, तुमचं फूल जागेवर नाही."

सोमवारी सकाळी साडेनऊला कुमुदबाई वालावलकरांनी तिकीटखिडकीतूनच मला हे सांगितलं. आवाज असा, की जणू फुलाने रजेचा अर्ज न देता दांडी मारली आहे.

"जागेवर नाही म्हणजे?"

"म्हणजे शनिवारी होतं तिथे नाही. चांगलं वीतभर पुढे गेलंय. मला संशय होताच, म्हणून काचेवर टिकली लावून ठेवली होती. जाऊन बघा, टिकली मागे राहिलीय."

मी चार नंबरच्या टाकीकडे धावलो. टिकली लाल होती आणि तिच्यामागे नुसता दगड होता.

शिरवंडे नगरपरिषदेच्या मत्स्यालयाचा मी तेव्हा प्रभारी होतो. वय वर्षं एकतीस. मत्स्यालय म्हणजे बंदरावरच्या मिठाच्या जुन्या गोदामात मांडलेल्या अकरा टाक्या. त्यातल्या दहांमध्ये गावातले लोक बाजारात रोज बघतात तेच मासे होते, आणि लोक ते बघून "हा तळायला बरा" म्हणत पुढे जात. गर्दी व्हायची ती चार नंबरला. तिथे समुद्रफूल होतं.

फूल म्हणायचं, पण तो प्राणी. जेवणाच्या ताटाएवढा, मऊ, तपकिरी. अंगभर बोटांसारखे शेकडो हात, त्यांची टोकं जांभळी. मधोमध तोंड. खाली एकच पाय, तो खडकाला घट्ट चिकटलेला. वर्षानुवर्षं एका जागी बसून, तोंड वर करून, पुढ्यात पडेल ते खायचं. नगरपरिषदेत काम करणाऱ्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नव्हतं. पण पाहुण्यांना वाटायचं. त्या हातांत दोन पट्टेवाले मासे घर करून राहत होते, तेही पोरांना फार आवडत.

आता या प्राण्याचं एक असतं. पाणी आणि उजेड मनासारखा मिळाला की तो हलत नाही. नाही मिळाला की पाय सोडवतो आणि चालू लागतो. आमचं फूल चालत निघालं होतं ते थेट पंपाच्या पाणी ओढणाऱ्या तोंडाकडे. त्यात ते ओढलं गेलं की चिंधड्या. आणि त्याच्या अंगातलं विष पाण्यात उतरलं की टाकीत दुसरंही कोणी उरणार नाही.

हे मला भिवा तारींनी सांगितलेलं होतं. तारी दोन आठवड्यांपूर्वीपर्यंत या टाकीजवळच्या स्टुलावर बसत. त्याआधी ते दर्यात जायचे. गुडघा गेला, तेव्हा नगरपरिषदेत लागले. हुद्दा पंपचालक. टाकीच्या दोन बाजूंना दोन पंप होते. तारी डावा लावत. बारा मिनिटांनी तो बंद. दोन मिनिटं सगळं स्तब्ध. मग उजवा, बारा मिनिटं. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, अकरा वर्षं. रात्री एकच पंप, तोही भिंतीकडे तोंड करून. वर छपरात त्यांनी स्वतः चढून तीन काचेची कौलं बसवली होती; त्यांतून ऊन टाकीवर उतरत असे.

नवे मुख्याधिकारी शितोळे साहेब घाटावरून आलेले. तरुण, कामसू आणि प्रामाणिक. अशा माणसापासून फार जपून राहावं लागतं. त्यांनी पंपचालकाचं पद रद्द केलं आणि तारींना जकात नाक्यावर पाठवलं. एक पंप बागेतल्या कारंज्याला दिला. उरलेल्या पंपाचं पाणी सोडणारं तोंड थेट फुलावर रोखलं, म्हणजे त्याचे हात सतत हलतील आणि पाहुण्यांना छान दिसतील. छान दिसायला उजेड हवा, म्हणून वर एक पांढरा झगझगीत दिवा टांगला. पाणी ओढणाऱ्या तोंडावर तारींनी बांधलेला जुन्या जाळ्याचा तुकडा घाण दिसतो म्हणून काढून टाकला.

मी शितोळे साहेबांकडे गेलो.

"साहेब, ते फूल चालायला लागलंय."

"फूल चालतं?" साहेबांचा चेहरा उजळला. "मग पाटी लावा की. 'चालते फूल'. लोक रांगा लावतील."

"ते पंपात जाईल साहेब. तारींना परत द्या. आणि दुसरा पंप."

साहेबांनी खण उघडून 'साप्ताहिक किनारपट्टी'चा अंक काढला. "हे वाचलंत?"

"वाचलंय."

"ऐका तरी. 'जगात लाटा येतात त्या वाऱ्याने. आमच्या शिरवंड्यात त्या येतात नगरपरिषदेच्या आदेशाने. एक गृहस्थ स्टुलावर बसून कार्यालयीन वेळेत लाट सोडतात. रविवारी समुद्राला सुट्टी. गृहस्थ आजारी पडले तर भरती पुढच्या महिन्यात एकदम मिळेल.'" हसण्यामुळे साहेबांना पुढे वाचवेना. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "कोण हो हा खेकडेबुवा? काय लिहितो! गावातल्या माणसाला जे दिसतं ते आपल्याला दिसू नये? मी त्याच दिवशी पद काढून टाकलं."

मीही थोडा हसलो. न हसणं बरं दिसलं नसतं.

"पण साहेब, पाणी असं एकाच बाजूने मारत राहिलं तर..."

"आजगावकर, प्रभारी तुम्ही. फूल जगलं पाहिजे. मेलं तर लेखी खुलासा, आणि ती टाकी कायमची बंद. मग पंपाचाही प्रश्न नाही आणि तारीचाही."

त्या दिवशी मी एका जागी बसलो म्हणून नाही. दिवा बंद केला, तर पाहुणे ओरडले. पंप बंद केला, तर अर्ध्या तासात पट्टेवाले मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले. पुन्हा सुरू केला, तर फूल आखडून मुठीएवढं झालं आणि चार बोटं सरकलं. ते सरकताना दिसत नाही. नजर काढून परत बघावं तर सरकलेलं असतं. मी खिडकीशी जायचो, परत यायचो, टाकीभोवती फिरायचो, पुन्हा खिडकीशी.

"तुम्हा दोघांना कोणीतरी एका जागी बसवा हो," कुमुदबाई म्हणाल्या. त्यांनी काचेवर तिसरी टिकली लावली आणि पाकिटात किती उरल्या ते पाहिलं.

मंगळवारी दुपारी मी नाक्यावर गेलो. तारी बांबूच्या आडकाठीचा दोर धरून उभे होते. समोर एक ट्रक थांबलेला.

"या सायबानू! काय आणलास? जकात पडतली."

"तारीमामा, फूल चालायला लागलं."

बांबू अर्धा वर गेला होता, तो तिथेच राहिला.

"खंयच्या अंगान?"

"पंपाकडे."

"पंपाचा त्वांड खंय केल्यानी?"

"फुलावरच. हलताना छान दिसतं म्हणून."

"आणि वर?"

"दिवा. मोठा, पांढरा."

तारींनी बांबू खाली सोडला, थेट ट्रकच्या नाकासमोर. ड्रायव्हर काहीतरी बोलला; ते इथे लिहिण्यासारखं नाही. तारींनी ऐकलंही नसावं.

"तुमच्या तोंडार कोणी दिवसभर पंखो लावलो आणि डोळ्यात बॅटरी मारली, तर तुमी खुर्चेत बसशाल?"

"नाही."

"मगे बाय कशी बसात?" फुलाला ते बाय म्हणत. "मी तिका आणलंय थंय कसा होता, सांगतंय. खडपात एक घळ होती. लाट समोरसून येय नाय. बाजूच्या खडकार आपटान, मऊ होवन, मगे आत येय. जराशी थांबा. आणि दुसऱ्या अंगान परत जाय. आंग हलवक मिळा, पण मार बसा नाय. ऊन वरसून येय, पाण्यातसून गाळून. ता मी हयसर करी होतंय. दुसरा काय नाय."

"चला ना, एकदा बघून तरी जा."

"आदेश आसा. मी नाको सोडलंय तर माका घर, आणि तुमका मेमो." त्यांनी शेवटी ट्रकला वाट दिली. "जावन पंपाचा त्वांड भिंतीकडे करा. पाणी ओढता त्या तोंडार जाळी बांधा. दिव्यार गोणपाट घाला, दुहेरी. हात लावन तिका उचलू नुको, पाय फाटात."

मी निघालो, तर ते म्हणाले, "सायबानू, एक काम करशाल? तुमचा अक्षर बरा. त्या पेपरवाल्याक एक उत्तर लिवन द्या."

"कोणाला?"

"त्या खेकडेबुवाक. तेना लिवल्यान आणि माझी लोकांनी मस्करी केल्यानी, ता आसांदे. पण तेका कळाक व्हया, मी थंय काय करी होतंय ता."

नाक्याच्या खोपीत एक फळकुट होतं, त्यावर मी कागद ठेवला. तारी मध्येच दोर ओढायला जात आणि परत येऊन पुढचं सांगत.

"लिवा. मी लाट करी नाय. लाट करूक मी कोण? मी तिका थाऱ्यार ठेवतंय. घड्याळ नाय, तरी बारा मिन्टा माका कळतत. तिच्या हातांकडे बगून कळतत. टोका सगळी एका अंगाक वळली, की पुरे. मगे तिका जराशी विश्रांती. मगे दुसऱ्या अंगान."

"आणखी?"

"आणखी काय? इतक्याच. हसण्यासारख्या तेच्यात काय नाय, असा लिवा."

अर्ध्या तासात दोन पानं झाली. मला लिहायला वेळ लागत नाही. त्यांचं म्हणणं जरा कोरडं होतं, म्हणून मी त्याला थोडा हात लावला. खेकडेबुवांना दोन-तीन टोले बरे बसले. तारींनी कागद घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "उद्या पोस्टात घालतंय."

परत येऊन मी सांगितलं तसं केलं. पाणी भिंतीवर आपटून मऊ व्हायला लागलं. गोणपाटाखाली उजेड पिवळसर झाला. बुधवारी सकाळी फूल थोडं फुगलेलं दिसलं, हातही बाहेर आले. मला वाटलं, जमलं. दुपारी बघतो तर पुन्हा सरकलेलं. पाणी मऊ होतं, पण एकाच बाजूने येत होतं, आणि फुलाला ते चालत नव्हतं. जाळीपासून ते आठ बोटांवर होतं. जाळी असली तरी ओढ होतीच. पाय तिला एकदा चिकटला असता की सोडवताना फाटला असता.

एका बाईंनी काचेवर टकटक करून विचारलं, "अहो, हे मेलंय का?"

"नाही," मी म्हणालो.

"मग हलत का नाही?"

"हलतंय म्हणूनच तर..." मी म्हणालो आणि पुढे काय सांगावं ते सुचेना. असं माझं क्वचित होतं.

कुमुदबाईंच्या टिकल्या संपल्या. त्यांनी कपाळावरची काढून लावली.

गुरुवारी 'किनारपट्टी' आला. मी उभ्या उभ्या चारी पानं पाहिली. तारींचं पत्र नव्हतं. पोस्टमास्तरांच्या टेबलावरून मी संपादकांना फोन लावला.

"खेकडेबुवांना काही उत्तर आलंय का हो?"

"उत्तर? नाही बुवा. उलट लोक विचारतायत, पुढचा लेख कधी? लाटेचा तर सगळ्या तालुक्याला आवडला. काय आजगावकर, मजकूर अजून पाठवला नाहीत तो? जागा मोकळी ठेवलीय."

"पाठवतो," मी म्हणालो, आणि फोन ठेवला.

दोन वर्षं मी खेकडेबुवा होतो. नगरपरिषदेच्या नोकराला पेपरात लिहायचं तर परवानगी लागते, आणि नगरपरिषदेवर लिहायला नगरपरिषद परवानगी देत नाही. म्हणून टोपणनाव. लाटेचा लेख मला तारींच्या शेजारी उभं राहून, दुपारच्या चहाच्या वेळी सुचला होता. चहा तारींनीच आणला होता.

मत्स्यालयात येऊन टाकी पाहिली. चार बोटं.

मी टेबलाशी बसून साहेबांना टिपण लिहिलं. आयुष्यात इतका वेळ मला कधी लागला नव्हता. पाच वेळा फाडलं. दर वेळी कुठूनतरी एक गमतीचं वाक्य शिरत होतं. शेवटी राहिलं ते एवढं: 'भिवा तारी दर बारा मिनिटांनी पाण्याची दिशा बदलतात. त्यामुळे फूल एका जागी राहते. ते गेल्यापासून फूल चालते आहे व उद्या मरेल. त्यांच्यावरील लेख मी लिहिला. त्यातले बारा मिनिटे एवढेच खरे असून बाकीचे मला सुचले म्हणून लिहिले आहे.' खाली सही, पूर्ण नाव, हुद्दा.

शितोळे साहेबांनी ते मोठ्याने वाचायला घेतलं. "'फूल चालते आहे व उद्या मरेल'! वा! काय हो आजगावकर, तुम्हालाही जमतं की!" ते खळखळून हसले आणि पुढे वाचू लागले. मग आवाज बारीक झाला. मग ते मनात वाचायला लागले.

"हे तुम्ही?"

"हो साहेब."

"सगळे लेख?"

"सगळे."

"माझ्या स्कूटरवरचा?"

"तोही."

साहेबांनी टिपण टेबलावर ठेवलं. "तो चांगला होता," ते म्हणाले. म्हणताना त्यांना बरंच जड गेलं. "मी कात्रण ठेवलंय. बायकोलाही वाचून दाखवला."

त्यांनी टिपण पुन्हा उचललं.

"लेखातलं खरं धरून मी एका माणसाची जागा काढली."

"हो."

"आणि हे खोटं नाही कशावरून?"

"टाकीपाशी चला साहेब."

ते आले. काचेसमोर उकिडवे बसले. फूल जाळीकडे तोंड करून, एक कड उचलून, पुढच्या पावलाच्या तयारीत होतं. साहेबांनी हाताने अंतर मोजलं, टिकल्यांची रांग पाहिली. "या टिकल्या कोणाच्या?"

"माझ्या," कुमुदबाई म्हणाल्या. "सोमवारपासूनची नोंद आहे. शासकीय टिकल्या नाहीत, स्वतःच्या."

साहेब उठले, गुडघे झटकले आणि तिथेच दोन आदेश लिहिले. तारी मत्स्यालयात, पूर्वीच्या पदावर. आजगावकर जकात नाक्यावर. कारंज्याचा पंप आजच्या आज परत. "आणि यापुढे लेखन करणार नाही, असं लेखी द्या," ते म्हणाले. मी दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, कुठे काही लपलंय का म्हणून.

शुक्रवारी नऊला तारी आले. माझ्याकडे पाहिलं नाही. थेट टाकीशी गेले. फूल जाळीपासून दोन बोटांवर होतं. त्यांनी आधी पंप बंद केला. मग गोणपाट काढून दिवाही. वरच्या कौलांतून येणारा उजेड तेवढा राहिला. पट्टेवाले मासे भांबावून एका कोपऱ्यात गेले. तारी स्टूल ओढून बसले आणि नुसते बघत राहिले. मग दुसरा पंप बसवला, दोन्हींची तोंडं दगडांकडे वळवली आणि डावीकडचं बटण दाबलं.

मी फेऱ्या मारत होतो.

"सायबानू, एका जाग्यार ऱ्हवा. तिका तुमची सावली लागता."

मी खांबाला टेकून उभा राहिलो. डावा. थांबा. उजवा. थांबा. अकरा वाजले. फुलाची उचललेली कड तशीच होती. बारा वाजता ती जाळीच्या बाजूने खाली बसली. मला वाटलं, संपलं. पुढचं पाऊल टाकलं. तारींनी उजवीकडचं बटण दाबलं. दीडच्या सुमाराला दुसऱ्या बाजूची कड उचलली गेली.

"वळली," तारी म्हणाले.

कुमुदबाई खिडकी बंद करून आल्या. बाहेर लोक ओरडत होते, त्यांना त्यांनी आतूनच सांगितलं, "थांबा जरा, इथे काम चाललंय." नगरपरिषदेत हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

पाच वाजेपर्यंत फूल दोन दगडांच्या मधल्या खाचेत उतरलं. पाय पसरला. हात एकेक करून बाहेर आले, आणि पट्टेवाल्यातला मोठा मासा हळूच येऊन त्यात शिरला. खाच मागच्या बाजूला होती. पाहुण्यांना आता जेमतेम अर्धं फूल दिसणार होतं.

"समोर यायला हवं होतं," मी म्हणालो.

"ऱ्हवांदे. तिका बरा वाटता थंय."

कुमुदबाई खिडकीकडे गेल्या. मी किल्ल्या तारींच्या हाती दिल्या. मग म्हणालो, "तारीमामा, तो लेख..."

"म्हायत आसा."

"साहेबांनी सांगितलं?"

"नाय. त्या दिसा नाक्यार तुमी उत्तर लिवक बसलास. पण पेपरात काय इला, ता एकदाय इचारलास नाय."

उजवा पंप बंद झाला. टाकीतलं पाणी थांबलं.

"मग पत्र माझ्याकडून का लिहून घेतलंत?"

तारींनी खिशातून घडी काढली. तीच दोन पानं.

"पोस्टात घातलं नाहीत?"

"घालूचा होता. त्याआधी घराकडे वाचून बगूया म्हटला. माझ्या पोरीन वाचल्यान. बायल हसली, झील हसलो. वाचता वाचता चेडू पण हसाक लागला. बरा लिवलाहास. पण तेच्यातय मी स्टुलार बसान लाट सोडणारोच." त्यांनी कागद माझ्या हातात दिला. "माका वाटला होता, माझ्या तोंडसून आयकलास की तसाच लिवशाल."

मी कागद उघडला नाही. त्यात काय होतं ते मला पाठ होतं.

तारींनी डावीकडचं बटण दाबलं आणि स्टुलावर थोडे सरकून मला अर्धी जागा करून दिली. मी बसलो. सहाची घंटा होईपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून होतो. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर पुन्हा काहीतरी मजेशीरच बोललो असतो.